पाच गावांचं पाणी

मोसंबीला फुलं यायला अजून चार महिने तरी आहेत. पण सकाळी सिंधूमावशींचा फोन आला, त्या एवढंच म्हणाल्या की तळं काठोकाठ भरलं, आणि मला मोसंबीच्या फुलांचा वास आला. खोलीत तो वास यायला काही कारण नव्हतं. खोलीत छापखान्यातून आलेला पत्रकांचा गठ्ठा होता आणि त्याला शाईचा वास होता. तरी आला.

मी हळव्या लोकांतली नाही. पत्रकं लिहिते मी. पाण्यावर लिहिते, पाणी पळवणाऱ्यांवर लिहिते, शेततळ्यांच्या नावाखाली शेजाऱ्याची विहीर कोरडी करणाऱ्यांवर लिहिते. एक कागद, दोन्ही बाजू, शेवटी मोठ्या टायपात हाक. पत्रकात वासाला जागा नसते. म्हणून हे पत्रक नाही, आणि याच्या शेवटी हाक नाही.

"रविवारी जलपूजन ठेवलंय," मावशी म्हणाल्या. "तुझ्या गावचं पानी घेऊन ये."

हातातलं पत्रक मी परत गठ्ठ्यावर ठेवलं.

"ऐकून राह्यली का?"

"मावशी, पुन्हा?"

"पाचीच्या पाची गावांना निरोप गेलाय. अन् ह्या बारीला तू डोकं चालवू नको. मी माझं चालवून राह्यले."

फोन ठेवला आणि मी त्या गठ्ठ्यावरच बसून राहिले. बाहेर भादव्याचं ऊन होतं, चटके देणारं, पण मला पौषातलं दिसत होतं. मऊ, पिवळं, बागेत तिरपं उतरणारं. गेल्या वर्षीचा तो पौष आणि त्यामागून आलेला माघ. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती आणि एवढा सुंदर वासही कधी आला नव्हता. दोन्ही एकाच बागेत, एकाच हिवाळ्यात. ते वेगळं करता येत नाही मला. मोसंबी फुलली की मान खाली जाते.

पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे जीप सोडायची आणि कच्च्या रस्त्यानं चालत राहायचं. उजव्या हाताला व्यंकटआबांची बाग, त्यांच्या बांधाला लागून सिंधूमावशींची. मावशींच्या बागेच्या वरच्या अंगाला शेततळं. लांबून ते तळं वाटतच नाही, मातीचा चौकोनी उंचवटा दिसतो. वर चढलं की एकदम पाणी. आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे पाणी खोल वाटतं, आहे त्याहून खोल. आमच्या जालन्यात माणूस पाण्याजवळ गेला की आवाज खाली आणतो. कुणी शिकवलेलं नसतं.

त्या पाण्यावर आडव्या दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांना जाळीच्या पिशव्या लोंबत होत्या, हातभर खोल. पिशव्यांत शिंपले. मावशींच्या बचत गटातल्या सात जणींनी पूर्णेच्या डोहातून आलेले शिंपले घेतले, एका सरांकडून काम शिकून आल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्यांनी ते काम केलं. शिंपल्याचं तोंड चिमट्यानं अलगद किलकिलं करायचं, नखाएवढा साचा आत सरकवायचा, सोडून द्यायचं. वर्ष-दीड वर्षात शिंपला त्या साच्यावर मोत्याचा लेप चढवतो. साचे दोन तऱ्हेचे होते. गणपतीचे आणि बुद्धाचे. कुणी कुठला घालायचा असं काही ठरलं नव्हतं, हाताला येईल तो घातला. त्यामुळे एकाच पिशवीत, शेजारी शेजारी, तोंड मिटून.

मी काठावर बसले की मला ते दिसायचं. हिरव्या पाण्यात, मुगाच्या वरणासारख्या दाट पाण्यात, शंभरएक मिटलेली तोंडं आणि आत हळूहळू चकाकी धरत चाललेले देव. त्यांना कुणी हाक मारत नाही, नवस बोलत नाही. नुसते वाढतायत. गटातली कमल म्हणायची, "आपण पोटात वागवलं की लोक डोहाळे पुरवतात. ह्यायला काय, शेणपाणी." शेणपाणी खरंच असायचं. दर आठवड्याला शेणाची स्लरी तळ्यात सोडायची, त्यावर बारीक शेवाळ येतं, ते शिंपल्यांचं खाणं.

आता माझं.

शिंपले सोडायच्या आधी, गेल्या भादव्यात, तळं पहिल्यांदा भरलं तेव्हा जलपूजन झालं. ते कसं करायचं हे मी ठरवलं. नारळ फोडून मोकळं व्हायचं मला पटेना. मी म्हटलं, पाच गावांतून पाणी येऊ द्या. तळ्यातलं, टाकीतलं, विहिरीतलं, ज्याच्या त्याच्या हातानं. सगळं एका कलशात ओतू, कलश तळ्यात ओतू. आणि कलशातलं थोडं पाणी प्रत्येकानं बाटलीत घेऊन जायचं, आपल्या गावच्या पाण्यात मिसळायचं. पत्रक मी लिहिलं. 'येताना एक तांब्या आणा, जाताना एक बाटली न्या. पाणी कुणाचं, हे यापुढे कुणी विचारायचं नाही.' छापून आलं तेव्हा ते वाचून मला स्वतःचाच हेवा वाटला होता.

ही ओळ मला कुठून सुचली ते सांगते. माझे पप्पा मंठ्याकडच्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, आता निवृत्त आहेत. लहानपणी ते आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात कापणीला जायचे. तहान लागली की ओंजळ धरायची आणि मालकीणबाई उंचावरून पाणी सोडायची. भांड्याला हात लागू नये म्हणून उंचावरून. निम्मं तोंडात जायचं, निम्मं कोपरांवरून खाली. पप्पा हे सांगताना रडत नाहीत, चिडत नाहीत. एवढंच म्हणतात, "मला आजही तहान लागली की आधी कोपरं ओली झाल्यासारखी वाटतात."

तर त्या पप्पांनी आमच्या गावचा तांब्या भरून दिला. विहाराच्या मागे सिमेंटचं एक लहान टाकं आहे, त्यात त्यांनी कमळ लावलंय. शहरातल्या रोपवाटिकेतून कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं आणलेलं. त्या कमळाखालचं पाणी त्यांनी गाळूनसुद्धा घेतलं नाही. "जसंय तसं जाऊ दे," म्हणाले. मी तांब्या मांडीवर धरून सगळा रस्ता गेले. भोकरदनपर्यंत एक थेंब सांडला नाही.

जलपूजनाला व्यंकटआबा आले होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, वाकडं बोलायची हौस. कलशात पाचवा तांब्या पडला तेव्हा ते शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "सगळं मिसळून टाकलं. चांगलंय. आता काय निघतंय ते बगू."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं पत्रक तुमच्यावरच.

मार्गशीर्षात निघालं.

मावशी सकाळी पिशवी वर घेऊन बघत होत्या तर जाळीला दाणे चिकटलेले. तुरीच्या डाळीएवढे, तपकिरी, चमकदार. बोटानं उचलले तर हलायला लागले. गोगलगायी. आपल्या ओढ्यात असतात तशा नाहीत. पातळ कवचाच्या, टोकदार, आणि वळण उलट्या बाजूनं. त्यांच्याबरोबर जागोजागी लिबलिबीत काहीतरी, साबुदाण्याच्या पेजेसारखं. ती अंडी. जाळीची भोकं त्यांनी बुजत चालली होती आणि शिंपल्यांच्या तोंडाशी तीच पेज.

मावशींनी फोन केला. "पाव्हणे आल्ते म्हनून सांगायचं व्हतं."

"कोण पाहुणे?"

"ये अन् बग. लई हायेत. जागा कमी पडून राह्यली."

तेव्हापासून बायका त्यांना पाव्हणेच म्हणायला लागल्या. मी सरांना फोटो पाठवला. सर म्हणाले, ही इथली जात नाही, लांबच्या मुलखातली, शोभेच्या पाणवनस्पतींबरोबर फिरते, एकदा आली की जात नाही. मी त्याच संध्याकाळी मजकूर लिहायला घेतला. मथळा होता 'घुसखोरांना ओळखा'. बाहेरून आलेले, आपलं खाणारे, आपल्या जागेवर बसणारे, अशी वाक्यं सरसर येत होती. मला त्या भाषेची सवय आहे. पत्रकात एक 'आपण' असतो आणि एक 'ते' असतात, त्याशिवाय लिहिताच येत नाही. अर्धं पान झालं आणि मला बाटल्या आठवल्या.

जाताना एक बाटली न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. जीप, एसटी, कुणाच्या मागं दुचाकीवर, जमेल तसं. जाफराबादच्या पुढच्या गावात ज्या बाईंनी तांब्या आणला होता त्यांच्या घरी बाटली देव्हाऱ्यात होती, झाकण लावलेलं, वर हळदीकुंकू. झाकण घट्ट आहे का ते मी आधी बघितलं. "तळ्यात ओतली नाही ना?" मी विचारलं.

"ओतायला सांगितल्तं का?"

"पत्रकात होतं."

"पत्रक कोण वाचतंय माय," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाच गावांचं पानी म्हनल्यावर ते ओततं व्हय कुणी? वंजळभर प्यालो आम्ही समदे. राह्यलं ते ठेवलं."

ही बाटली मी कडक उन्हात रस्त्यावर रिकामी केली. दुसऱ्या गावात ते पाणी आजारी म्हशीला पाजलं होतं आणि म्हैस बरी झाली होती, त्यामुळे मला तिथं जेवूनच जावं लागलं. तिसऱ्या गावात बाटली जीपमध्येच विसरली होती. माझं एकही वाक्य कुणी पाळलं नव्हतं आणि त्यामुळे तीन तळी वाचली होती. पत्रक लिहिणाऱ्या माणसानं हे सगळ्यांना सांगत फिरू नये, पण खरं आहे.

पाचवं गाव मावशींचंच, म्हणजे चौथी बाटली आमच्या गावची. ती पप्पांनी ओतली होती. पप्पा माझी पत्रकं वाचतात.

मी विहाराच्या मागे गेले. टाक्यातलं कमळ मिटत आलं होतं. पानाचा देठ उचलला. देठाला, पानाच्या खालच्या अंगाला, टाक्याच्या कडेला, सगळीकडे ते दाणे. काही कवचं जुनी, पांढरी पडलेली. बाटलीच्या आधीपासूनची.

पप्पा मागे उभे होते. "काय बघून राह्यली?"

"हे कधीपासून आहे?"

"कमळ आणलं तव्हापासून असंल. का?"

मी देठ खाली सोडला. पाणी हललं आणि कमळाच्या सावलीचं चित्र तुटून पुन्हा जुळलं. "काही नाही," म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. हे लिहायला सोपं नाही. लोकांच्या तोंडावर बोलते म्हणून मला अर्धा तालुका टाळतो. पण 'आमच्या वस्तीच्या पाण्यातून घाण आली' हे वाक्य मला तोंडातून काढता येईना. हे वाक्य ऐकायला शंभर वर्षं टपून बसलेली माणसं मला माहीत होती. त्यातलं एक बांधापलीकडे होतं.

म्हणून मी ब्रश घासत बसले. रोज. गटातल्या बायका आणि मी, बागेत पोतं अंथरून. जुने दात घासायचे ब्रश. पिशव्या एकेक करून काढायच्या, प्रत्येक शिंपला घासायचा, मग मिठाच्या पाण्यात बुडवायचा. शिंपला तोंड मिटून घेतो, त्याला काही होत नाही. गोगलगायीला तेवढं तोंड मिटता येत नाही. पण जास्त वेळ ठेवला तर शिंपलाही जातो. घड्याळ बघायला ओले हात मोकळे नसतात. त्यावर मावशींनी तोड काढली. एक ओवी म्हणायची, सावकाश, दोनदा. ओवी संपली की शिंपले बाहेर. कमल तिची म्हणायची, भीमाची. मावशी रेणुकेची म्हणायच्या. वेळ बरोबर तेवढाच भरायचा. मग त्यांनी शिंपल्यांचीच एक जुळवली:

'माज्या शिंपल्या गं बाई, घे तोंड मिटून जरा,
खारं पानी दो घडीचं, न्हाई म्हायेरचा झरा.'

डोळे मिटले की अजून ऐकू येते. मिठाच्या घमेल्यात बुडालेले शिंपले, वर ओवी, आणि आजूबाजूला ताणावर सोडलेली बाग. मोसंबीला आंबेबहार धरायचा तर पाणी तोडतात. झाडाला तहान लागू देतात, पानं कोमेजून गळायला लागेपर्यंत. मग एक दिवस पाणी दिलं की झाड घाबरल्यासारखं फुलतं. त्या दिवसांत बाग मुकी असते. पानं गुंडाळलेली, धूळ बसलेली. मीही तशीच बसायचे त्या पोत्यावर. कमलनं एकदा विचारलं, "सुजाता, तुझं काय बिघडलंय? चार दिवस झाले, कुणाला शिवी न्हाई घातली."

घासून काही होईना. आज साफ केलेल्या पिशवीवर चौथ्या दिवशी पेज. तळ्याच्या कागदावरच ते वस्तीला होते. सर म्हणाले, एकच उपाय आहे. शिंपले दुसरीकडे हलवा, तळं रिकामं करा, कागद उन्हात कडकडीत वाळू द्या, घासा, मग नवीन पाणी.

तळं रिकामं करा. हे जालना जिल्ह्यात बोलून बघा. पौष चाललाय, पुढं उन्हाळा आहे, आणि भरलेलं तळं सोडून द्या. मावशी तळ्याच्या काठावर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. खाली त्यांची तहानलेली बाग, वर पाणी. शेवटी म्हणाल्या, "बागेचा ताण तोडायचाच हाये. समदं बागेला देऊ. पन शिंपले कुठं ठेवायचे तवर?"

जवळपास स्वच्छ हौद एकच होता. व्यंकटआबांचा.

आम्ही दोघी गेलो. आबा बाजेवर बसून मोसंबी सोलत होते. मावशींनी सगळं सांगितलं. आबांनी फोड तोंडात टाकली, बिया तळहातावर काढल्या, आणि मावशींकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"हौद देतो. माझं एक सांगा. हे आलं कोणत्या पाण्यातून? पाच गावं व्हती ना? तू फिरून आल्ती म्हणं जीपनी. तुला ठाऊक असंल."

मावशी म्हणाल्या, "आबा, त्यानं आता काय व्हणार?"

"हौद माझाय. इच्यारू द्या की."

मला उत्तर तयार होतं. 'सांगता येत नाही' हे चार जणांत खपलं असतं. बांधावरून वारा आला, वाळल्या पानांचा आवाज झाला. मला पप्पांची कोपरं दिसली. आणि हेही दिसलं की मी गप्प बसले तर ते टाकं तसंच राहील, पुढच्या वर्षी कुणीतरी त्यातलं कमळ मागून नेईल, दुसऱ्या तळ्यात लावेल.

"आमच्या गावच्या," मी म्हटलं. "विहाराच्या टाक्यातून. माझ्या पप्पांनी कमळ आणलं, त्याबरोबर आलं. आणि पाणी मिसळायची अक्कल माझी. गाळून घ्यायचं, उकळून घ्यायचं मला सुचलं नाही."

आबांनी बिया बाजेखाली टाकल्या. मी वाट बघत होते. ते वाक्य येऊ दे, माझ्याकडं त्याचं उत्तर होतं, दहा वर्षं घासून धार लावलेलं.

"म्हनून आमचे म्हातारे पानी मिसळू देत नव्हते," ते म्हणाले. आलंच.

माझ्याआधी मावशी बोलल्या. "तुमचे म्हातारे गोगलगायीपायी मिसळू देत नव्हते का, आबा?"

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. झाडावर एक होला घुमत होता.

"हौद घासून घ्या आधी," शेवटी ते म्हणाले. "खाली गाळ हाये."

एवढंच. माफी नाही, मोठं मन नाही. मला तर रागच आला, कारण माझं ते धारदार उत्तर तसंच राहिलं. अजून माझ्याजवळ आहे.

मग तळं सोडलं. मोटारीनं, पाटानं, दोन दिवस. बागेच्या टोकाला मातीचा बांध घातला, ओढ्यात थेंब जाऊ नये म्हणून; मातीत त्या गोगलगायी जगत नाहीत, ओढ्यात जगतात. पाणी उतरत गेलं तसा काळा कागद उघडा पडत गेला, त्यावर हिरवी साय, आणि सायीवर ते दाणे, परातीत उडीद सांडल्यासारखे. दुपारच्या उन्हात ते सुकत होते. मी त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं होतं. उघड्यावर पडलेले ते बघताना त्यातलं एकही वाक्य आठवेना. कुणीतरी त्यांना कुंडीत घालून आणलं, कुणीतरी तांब्यात, कुणीतरी कलशात. त्यांनी काय केलं, जगायला बघितलं. तरी झाडू मारलाच मी. सात दिवस आम्ही तो कागद झाडून, घासून, तापवून काढला. दया आली म्हणून काम सोडायचं नसतं.

पप्पांना मी फोनवर सांगितलं. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "सांगितलंस ते बराबर केलं. कमळ काढू का?"

"देठ मिठात धुऊन बादलीत ठेवा. टाकं वाळवा."

"कमळ मरंल."

"मरेल कदाचित."

"मंग तू सांगायला नुसती फोन करू नको. धुवायला ये."

गेले. बाप-लेकीनं कमळ धुतलं. पप्पांना ओवी येत नाही, त्यांनी सहाचा पाढा म्हटला.

आणि शिंपले आबांच्या हौदात. हौदावर आंब्याची सावली. मी रोज जाऊन बघायचे, कोण तोंड उघडं टाकून पडलंय का. काही गेले. बाकीचे अंधाऱ्या पाण्यात मिटून, आत गणपती, आत बुद्ध, आबांच्या हौदात भाड्यानं. आबा दिसायचे. बोलायचे नाहीत. एकदा मात्र बघितलं, हौदावर पडलेली पानं ते काठीनं बाजूला करत होते, हळूच, जाळीला काठी लागणार नाही अशी.

ताण तुटल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाग फुलली. मी सकाळी बांधावर पोचले आणि पाय थांबले. आदल्या दिवशी कळ्या होत्या. आता झाड म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसतं पांढरं, आणि वास. तळ्याचं पाणी होतं ते. आमच्या हातून नासलेलं, सोडून दिलेलं. मी बांधावर बसले. डोळ्यांतून पाणी का येत होतं ते मला ठरवता येईना आणि ठरवायची गरज वाटेना. मधमाश्या एवढ्या होत्या की हवेला कंप होता. पलीकडे आबांच्या बागेतही तोच वास, बांध ओलांडून आलेला, किंवा तिकडूनच इकडं आलेला असेल.

मग विहिरीचं पाणी दुहेरी लुगड्यातून गाळून गुडघाभर तळ्यात घेतलं, शिंपले परत आले, उन्हाळा तेवढ्यावर काढला. पाव्हणे परत दिसले नाहीत. गटातल्या बायका रोज बघतात, अजूनही.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं रविवारनंतरचं.

रविवारी पाची गावं आली. पप्पाही आले, या वेळी तांब्या त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरला. कमळ जगलंय, टाकं नव्यानं भरलंय. तळ्याच्या काठावर कलश नव्हता. बांधाच्या खाली तीन दगडांची चूल आणि तिच्यावर लग्नातलं मोठं पातेलं.

"ओता ह्याच्यात," मावशी म्हणाल्या.

पाच तांबे पातेल्यात गेले. जाफराबादकडच्या बाई चुलीजवळच बसल्या, विजयी चेहऱ्यानं. पाणी तापलं, उकळलं, खळखळ उकळलं. मावशींनी त्यात गवती चहा टाकला, आलं टाकलं, साखर, पत्ती, मग दूध. पूजा एवढीच.

व्यंकटआबा परातीच्या सगळ्यांत जवळ उभे होते. मावशींनी भरलेले ग्लास परातीत मांडले आणि परात त्यांच्यापुढं धरली. सगळे बघत होते, आणि सगळे बघत नसल्यासारखं करत होते. आबांनी एक ग्लास उचलला. मग दुसरा. दुसरा त्यांनी पप्पांपुढं केला.

"घ्या, गुर्जी."

पप्पांनी घेतला. आबांनी फुंकर मारली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर कमी पडली, सिंधूबाई."

"कमळाचं पानी हाये त्यात, आबा," पप्पा म्हणाले. "दुसऱ्या घोटाला लागंल गोड."

आबांनी दुसरा घोट घेतला. तळ्यावर वारा आला, दोऱ्या हलल्या, खाली कुठंतरी पिशव्या हलल्या असतील. पप्पा दोन्ही हातांत ग्लास धरून पीत होते, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मी त्यांच्या कोपरांकडे बघत होते. कोरडी होती.